दुपारसत्र

मंगळवार, १८ जून

आज पहाटे चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी मला जाग आली. या घटनेचा मी तीव्र शब्दांत निषेध नोंदवतो.

हा सलग नववा दिवस. गजर नाही, कोंबडा नाही, शेजारच्या बाळाचं रडणं नाही. डोळे आपले आपण उघडतात आणि एकदा उघडले की मिटायचं नाव घेत नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी रात्री दोनला शेवटचं पान सोडलं, अडीचला मोटरसायकल बंद करून ढकलत गल्लीत आलो, आणि सकाळी दहाच्या आत सूर्याचं तोंड बघितलं नाही. त्या माणसाला त्रेपन्नाव्या वर्षी, कुठलीही पूर्वसूचना न देता, पहाटवाल्यांच्या जमातीत भरती करण्यात आलं आहे. अपील कुठे करायचं हे कुणी सांगत नाही.

बरं, उठून करायचं काय? पेपर येतो पावणेसातला. निम्म्या जिल्ह्याच्या हातात सकाळी पेपर पडावा म्हणून मी जन्मभर जागलो, आणि आता माझ्या हातात तो पडायला दोन तास. दूध सहाला. कालच्या उरलेल्या दुधाचा चहा केला, तो फाटला. फाटलेल्या चहासमोर बसून उजाडायची वाट बघणारा माणूस! दुसऱ्या कुणाचं हे असतं, तर मी त्यावर सहाशे शब्द लिहिले असते.

मार्चमध्ये कार्यालयानं सांगलीची रात्रपाळी बंद केली. पानं आता दुसऱ्या शहरात लागतात. मला शाल, नारळ दिला आणि रविवारचं विनोदी सदर तेवढं राहू दिलं. हे मी समजू शकतो. श्रद्धाची बदली समजू शकत नाही. चोवीस वर्षं इथल्या शाळेत सकाळसत्रात गणित शिकवणाऱ्या, एकोणपन्नास वर्षांच्या बाईला संस्थेनं उचललं आणि साताऱ्याच्या शाखेत टाकलं. चौदा तारखेला ती हजर झाली. एक खोली भाड्यानं घेतली आहे. "बदली म्हणजे बदली," एवढंच म्हणाली आणि बॅग भरली. दोन दिवस मीच चिडत होतो, ती अजिबात नाही. स्वभावच तसा. सोसणारा.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तेवढी वर्षं ती पावणेपाचला उठली आणि मी अडीचला झोपलो. आता मी पावणेपाचला उठायला लागलो, तर ती गेली.

गुरुवार, २० जून

पहाटे पाच दहाला श्रद्धाला फोन केला. मुद्दाम त्या वेळी. म्हटलं, आपण आता एकाच वेळेचे नागरिक. ती तिकडे, मी इकडे, दोघं मिळून चहा घेऊ. फोन वाजून वाजून थांबला. अंघोळीला गेली असेल. काल आणि परवाही अंघोळच असणार.

तिचा मेसेज मात्र आला होता. रात्री अकरा बेचाळीसला. "गच्चीवर बसलेय. अजिंक्यताऱ्यावरचे दिवे दिसतात इथून. तुम्ही झोपलात वाटतं." मी सव्वानऊलाच आडवा झालो होतो. बिचारीला नव्या जागी झोप लागत नाहीये. दिवे बघत बसायची पाळी आली. संस्थेच्या संचालकांना एकेकाला धरून अशा गच्चीवर रात्रभर बसवलं पाहिजे.

रविवार, २३ जून

आज सदर आलं. ठीक होतं. सदरात श्रद्धाचं नाव 'आमचा भोंगा'. साखर कारखान्यात पाळी बदलताना वाजतो, तो. आमचा पावणेपाचला वाजतो: नळाखाली बादली, बादलीवर बादली, भांड्यावर भांडं, वर कुकर. मग नवरा नावाचा कामगार पांघरूण डोक्यावरून घेऊन संप पुकारतो. वाचकांना भोंगा फार प्रिय. हरभट रोडवर अनोळखी माणसं थांबवून विचारतात, "भोंगा काय म्हणतो?" यंदा बारावं वर्ष. भोंगा साताऱ्याला गेला हे वाचकांना अजून सांगितलेलं नाही. सदरात ती इथेच आहे.

श्रद्धानं भरून ठेवलेली पिंपं काल रिकामी झाली. पहाटे नळावर लालासाहेब भेटले. शेजारचे. सुभेदार म्हणून निवृत्त, वय शहात्तर. ते साडेतीनला उठतात आणि उरलेलं जग सुट्टीवर आहे असं त्यांचं मत आहे. आमच्या गल्लीत पाणी पाच ते पावणेसहा. सव्वीस वर्षांत तो नळ चालू असलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याला एवढा जोर असतो याची कल्पना नव्हती. लुंगी भिजली.

"या, या संपादक!" लालासाहेब म्हणाले. "मिळालं का पहाटेचं पोस्टिंग?"

"मिळालं. न मागता."

"सगळ्यास्नी मिळतंय. जवान होतो तवा साहेब लाथ घालून उठवायचा. आता साहेब न्हाई, लाथ न्हाई, तरी साडेतीनला डोळं टक्क! वय झालं की बिगुल आतच वाजतोय." मग माझ्या हातातल्या बादलीकडे बघून म्हणाले, "ही वैनींची बादली न्हवं? लय येळा बघितलंय. बादली नळाखाली आन् वैनी भितीला टेकून. उभ्या उभ्या झोपायच्या, घोडं झोपतंय तशा. पानी वतू गेलं की मी हाक मारायचो, 'वैनी, सावधान!' की दचकून जाग्या."

आम्ही दोघंही हसलो. भोंगा उभ्या उभ्या डुलकी घेतो: पुढच्या रविवारी चालेल. टिपून ठेवलं.

मंगळवार, २५ जून

ताज्या दुधाचा चहा. प्रगती आहे.

रात्रपाळीच्या दिवसांत मी अडीचला कुलूप काढून आत आलो की आत कुणीतरी झोपलेलं असायचं. दिवा न लावता, चपला हातात घेऊन मी त्या झोपेच्या कडेनं जायचो. ती सोबत होती, हे आज पहाटे लक्षात आलं. आता मी पहाटे घरभर चपला वाजवत फिरतो, कुणाची काही तक्रार नाही.

शुक्रवार, २८ जून

सदराला विषय शोधताना झोपेवरचा एक लेख सापडला. आकडेवारीवाला, गंभीर चेहऱ्याचा. हजारो माणसांना विचारलंय: सुट्टीच्या दिवशी, कुणी उठवलं नाही तर, तुम्ही किती वाजता झोपता आणि किती वाजता उठता? त्यावरून निघालं ते असं. पोरं वयात आली की त्यांची झोप पुढे पुढे सरकते. विशीच्या सुमाराला सगळ्यात उशिरा जाते. तिथून माणूस हळूहळू माघारी, पहाटेकडे यायला लागतो. या सगळ्या काळात पुरुष बायकांपेक्षा उशिराचे. पण पन्नाशीच्या आसपास हा फरक मिटत जातो. सोबत आलेख: दोन रेघा, एक पुरुषांची, एक बायकांची, तीसेक वर्षं अंतर राखून चाललेल्या आणि पन्नाशीला एकमेकींना येऊन मिळालेल्या.

तो आलेख मी अर्धा तास बघत बसलो. आमचं लग्नच काढलंय कुणीतरी. एका घरात राहून आम्ही भेटायचो ते संध्याकाळी साडेपाच ते सात, तेही मध्ये भाजीची पिशवी ठेवून. मला वाटायचं, काहीतरी चुकतंय. काही चुकत नव्हतं! निसर्ग होता. ती पहाटेची, मी रात्रीचा. आणि आता निसर्गानंच दोघांना हाताला धरून एका वेळेवर आणून सोडलं, तर मध्ये ही संस्था कडमडली.

निसर्गाची ऑर्डर संस्थेला रद्द करता येत नाही. संस्थेची ऑर्डर रद्द करता येते. आष्ट्याचा आप्पासो संचालक मंडळावर आहे, कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा. उद्याच जातो. श्रद्धाला आत्ता सांगत नाही. एकदम कागदच हातात देईन.

शनिवार, २९ जून

आप्पासोचा ऊस, संचालकपद आणि पोट, तिन्ही जोरात आहेत. सोप्यात बसून शेंगा खात होता.

"लेका, तू? सकाळी आठला? सोताच्या लग्नाला उशिरा आलतास की रं!"

मी सगळं सांगितलं. आलेखही पुढे ठेवला. त्यानं तो उभा धरला, आडवा धरला. "हे उताऱ्याचं हाय व्हय? उसाच्या?"

"झोपेचं आहे."

"झोपंचाबी उतारा काढाय लागली?" त्यानं कागद शेंगांच्या टरफलांवर ठेवला. "बरं, वैनींनी काय अर्ज-बिर्ज केलाय का, बदली रद्द करा म्हणून?"

"ती नाही करायची. तिचा स्वभाव तुला माहितीय."

"मला कुठला म्हाईत? तुला म्हाईत आसला म्हंजे झालं." त्यानं एक शेंग फोडली. "हे बघ गड्या. दुपारसत्रातली जागा हाय ती. सकाळी आरामात उठा, बारा दहाला शाळंत जावा. त्या जागंसाठनं चौघीजणी रांगंत हायत. वैनींना काढून हिकडं आणाय येळ न्हाई लागायचा. पर एकदा काढलं की जागा गेली. माघारी मिळायची न्हाई. नीट इचार करून सांग."

"विचार झालाय," मी म्हणालो. "जाऊ दे ती जागा."

परत येताना बसमध्ये मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही. कंडक्टर ओळखीचा होता.

बुधवार, ३ जुलै

रात्री साडेआठला श्रद्धानं फोन उचलला. उलथन्याचा आवाज येत होता. तिचा आवाज मला वेगळा लागला. आधी वाटलं, रेंज. मग कळलं की ती बोलता बोलता गुणगुणत होती. म्हणाली, रात्री गच्चीवर गणितातली कोडी सोडवत बसते, कालचं एक दीड वाजता सुटलं. सुटल्यावर एकटीच हसली. ते सांगतानाही हसली. दीड वाजता! एवढ्या हालातही ती हसते आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

"पहाटे काय करतेस तिथे?" मी विचारलं.

उलथन्याचा आवाज थांबला. "पहाट चांगली असते म्हणतात इथली," ती म्हणाली.

आप्पासोचं जिभेवर आलं होतं, गिळलं. ती त्या कोड्याबद्दल सांगत होती, एक म्हातारा, सतरा शेळ्या की काहीतरी. शेळ्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. डोळे मिटले.

गुरुवार, ४ जुलै

पहाटे मेसेज बघितला, रात्री नऊ पाचचा. "घोरायला लागलात. मी थोडा वेळ ऐकलं आणि ठेवला. रात्रीचे तुम्ही झोपलेले आणि मी जागी, आयुष्यात पहिल्यांदाच. गंमत वाटली."

गंमत वाटली म्हणते. परत येऊ दे, रोज गंमत दाखवतो.

सोमवार, ८ जुलै

संध्याकाळी आप्पासोचा फोन. नेहमी तो आधी शिवी देतो. आज दिली नाही, तेव्हाच मी खुर्चीत बसलो.

"गड्या, फाईल काढली रं. ही बदली लादल्याली न्हाई. इनंती बदली हाय. वैनींनी फेब्रुवारीत सोता अर्ज दिलाय."

"दुसऱ्या कुणाची फाईल असेल."

"सही हाय त्यांची. वाचतो, ऐक. 'प्रकृतीच्या कारणास्तव सकाळसत्रात काम करणे कठीण जात आहे. तरी संस्थेच्या कोणत्याही शाखेत दुपारसत्र मिळावे.' कोणत्याही म्हनलंय बघ. शिराळ्याच्या पल्याड डोंगरात टाकलं आस्तं तरी गेल्या आस्त्या." फाईल मिटल्याचा आवाज आला. "तुला ठावं न्हवतं?"

"होतं," मी म्हणालो.

"येत्या सोमवारी मीटिंग हाय. बदली रद्द करायचा इषय मी घातलाय तुझ्या सांगन्यावनं. त्याच्या आत सांग, काढायची आर्डर का थांबवायची."

प्रकृती? कपाटातले सगळे खण उपसले. रिपोर्ट नाही, गोळ्या नाहीत. चष्म्याची एक जुनी चिठ्ठी. काय झालंय तिला? थेट तिलाच विचारावं, तर अर्जाचं मला कसं कळलं हे सांगावं लागेल. साक्षीला विचारतो. आमची मुलगी पुण्यात नोकरी करते, वय तेवीस, म्हणजे आलेखाच्या ऐन शेंड्यावर. रात्री अकराच्या आत ती माणसात नसते. तोंडावर पाणी मारून जागा आहे. पूर्वी अकराला माझा दिवस सुरू व्हायचा.

मंगळवार, ९ जुलै

साक्षीशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतो. संपादन करत नाही.

मी विचारलं, "आई आजारी आहे?"

"कोण म्हणालं?"

"अर्जात लिहिलंय."

"वाचलात तर." ती उसासली. "आजारी नाहीये बाबा. वय आहे. रात्री अंगातून वाफा निघतात तिच्या, दोन-तीनला कुठे डोळा लागायचा, आणि पावणेपाचला उठायचं. गेली दोन वर्षं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप पूर्ण झाली पाहिजे, दुसरं औषध नाही. आता आठला उठते. परवा मला म्हणाली, साक्षी, मला स्वप्नं पडायला लागली परत."

"मला सांगायचं ना तिनं."

"सांगितलं होतं की. जानेवारीत फळ्यावर लिहिता लिहिता तिचा डोळा लागला. खडू हातात तसाच. पोरं हसली. घरी येऊन तिनं तुम्हाला सांगितलं. मी आले होते तेव्हा, समोर होते. तुम्ही काय केलंत आठवतंय?"

आठवतंय. 'भोंग्याचा आवाज बसला.' सहाशे वीस शब्द. अठरा वाचकांनी कळवलं की हसून मुरकुंडी वळली.

"ते कात्रण कुणीतरी शिक्षकखोलीत फलकावर लावलं होतं," साक्षी म्हणाली. "आठवडाभर होतं. तिनं काढलं नाही. काढलं असतं तर आणखी हसले असते."

मग मी विचारलं. का विचारलं माहीत नाही, पण विचारलं: "पण मुळात ती पहाटेचीच ना? पहिल्यापासून?"

"बाबा!" साक्षी एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "मामा सांगतो, लग्नाआधी आजोबा पाणी मारून उठवायचे तिला. कॉलेजचा अभ्यास सगळा रात्री केलाय तिनं. ती कुठली पहाटेची? नळ पाचला यायचा. आजीला सहाला चहा लागायचा. माझी शाळा सातला, तिची सात दहाला. तुम्ही दहापर्यंत झोपणार. मग उठणार कोण होतं घरात?"

मी म्हणालो, उशीर झाला, झोप आता. ती म्हणाली, मला कुठे उशीर झालाय.

बुधवार, १० जुलै

त्या लेखातला प्रश्न परत वाचला. सुट्टीच्या दिवशी, कुणी उठवलं नाही तर. हा प्रश्न श्रद्धाला कुणी विचारला नव्हता. आलेखात वय होतं, बाईपुरुष होतं. नळ नव्हता.

आप्पासोला फोन केला नाही. खरं लिहितो, ही वही कुणी छापणार नाही: दिवसभर मी ऑर्डर निघावी असंच घोकत होतो. येऊ दे तिला परत. आता मी उठतोच आहे. नळ मी भरीन, चहा मी करीन, कुकर आवाज न करता लावीन, ती झोपेल. सगळं बसवत आणलं, अगदी पान लावल्यासारखं, आणि शेवटी एक रकाना उरला. सात दहाची शाळा. तिथे तिच्याऐवजी मला उभं राहता येत नाही.

आणि समजा शाळा नसती. तरी मी नऊला झोपणार आणि ती दीडला. रेघा एकमेकींना भेटल्याच नाहीत. एकमेकींना ओलांडून गेल्या.

गुरुवार, ११ जुलै

सकाळी सातला आप्पासोला सांगितलं, "थांबव. विषय मागे घे."

"लेका, बायकू आणायची का ठिवायची, एक ठरीव की! मी अध्यक्षास्नी बोलून बसलोय."

"तिनं ठरवलंय."

"आन् तू रं? तू काय करनार सांगलीत एकटा?"

"पहाटे उठणार."

तो खूप हसला. मी विनोद केला नव्हता. मग म्हणाला, "मागं घ्याचं म्हंजे मला खाली मान घालावी लागनार. घालतो. पर वैनींना तू सोता सांगायचं, मला मधी घालायचं न्हाई. दुसरीकडनं कळलं तर तुझं खरं न्हाई."

दुपारी रविवारचं सदर पाठवलं, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर. कार्यालयातून फोन आला. "भोंगा का नाही? वाचक विचारतात."

"भोंगा बंद झाला," मी म्हणालो.

"मग त्यावर लिहा की! मस्त होईल."

फोन ठेवला. 'उभ्या उभ्या डुलकी' ही टीप दुसऱ्या वहीत होती. तो कागद फाडला.

शनिवार, १३ जुलै

श्रद्धाला कळवलेलं नाही. कळवलं असतं तर तिनं गजर लावला असता.

रविवार, १४ जुलै

साडेचारची एस.टी. धरली. साडेसातला साताऱ्यात. एका हातात भडंगाची पिशवी, दुसऱ्या हातात ही वही असलेली बॅग. बसमध्ये तीन वाक्यं पाठ करत आलो. एक: मी आप्पासोकडे गेलो होतो. दोन: ते मी थांबवलं. तिसरं कराड गेलं तरी सुचलं नाही.

मंगळवार तळ्याच्या मागच्या बोळात दुमजली घर. बाहेरून दगडी जिना, वर श्रद्धाची खोली. खाली मालकीण बनुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. साठीच्या, नजर करडी.

"कोन पायजे?"

"श्रद्धाताई इथेच राहतात ना?"

"बाई व्हय? झोपल्यात. आयतवार हाय. साडेआठबिगार दार उघडत न्हाई त्यांचं. तुमी कोन?"

"त्यांचा नवरा."

त्यांनी मला वरून खाली बघितलं, मग खालून वर. "बया! मग उभं का? थांबा, हाक मारते." आणि उठून जिन्याकडे तोंड करून श्वास घेतला.

"नको, नको!" मी एवढ्या घाईनं म्हणालो की भडंगाची पिशवी पडली. "झोपू दे. मी बसतो इथे."

"आवं, तासभर?"

"मला सवय आहे."

त्यांनी चहा दिला. तो पितानाच त्यांची तक्रार सुरू झाली. बहुधा नवरा हातात सापडल्याचा आनंद. "बाई मानूस लय गुनाच्या हायत. पर ह्या जिन्याचं सांगा त्यांना. माज्याकडं रीत हाय, आयतवारी सकाळी भाडेकरूनं जिना धुवायचा. एक आयतवार त्यांचा, एक माजा. गेला त्यांचा हुता. झोपल्या. उठून मला म्हनत्यात कशा, 'मावशी, रात्री धुते.' मी म्हनलं, रातच्याला कोन जिना धुतंय व्हय? म्हनल्या, 'मग पुढच्या रविवारी नक्की.' म्हंजे आज. बघा आता, पावनेआठ झालं."

मी कप खाली ठेवला. "खराटा कुठे आहे?"

"आँ?"

"खराटा. आणि बादली. पत्र्याची नको, प्लास्टिकची असेल तर बरं."

"आवं पावनं, तुमी धुनार? लोक काय म्हनतील मला!"

"बोळात कुणी उठलंय का?" मी विचारलं. खरंच कुणी नव्हतं.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला खाली काढल्या. एकोणीस पायऱ्या. वरून सुरू केलं. तिच्या दाराबाहेर तिच्या चपला होत्या, आणि उंबऱ्याशी कोड्यांचं एक पुस्तक उपडं, रात्री गच्चीवरून आणता आणता विसरलेलं असणार. ते उचलून खिडकीत ठेवलं. दार बंद. कान लावला नाही, पण पंख्याचा आवाज येत होता.

बादली ओतली की धबधब आवाज होतो, म्हणून तांब्यानं एकेका पायरीवर पाणी सोडलं. खराटाही दगडावर खरडतो. तो उचलून उचलून, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरची माशी हाकलावी तसा मारला.

खालून बनुबाई म्हणाल्या, "लय हळू हो! सांडलं पानी तर सांडू द्या की."

"आवाज होतो."

त्या आत गेल्या आणि त्यांचा टीव्ही चालला होता तो बारीक केला. मग तांदळाचं ताट उचलून मागच्या दारी गेल्या.

नवव्या पायरीला कंबर धरली. तिथे जरा बसलो. अजिंक्यतारा समोरच, ढगात निम्मा. दिवे आता कुठले दिसणार. अर्ध्या तासात शेवटच्या पायरीपर्यंत आलो. बनुबाई बाहेर येऊन वरपासून खालपर्यंत तपासणीच्या नजरेनं बघून गेल्या.

"फिटली बाईंची पाळी," त्या म्हणाल्या. "सांगते त्यास्नी, उठल्या की."

"नका सांगू."

खालच्या, कोरड्या पायरीवर बसून हे लिहितो आहे. आठ वाजून वीस झाले. वरच्या पायऱ्या वाळायला लागल्या. दार अजून बंद आहे.